लोणी, मार्गारिन आणि पाठातले अर्धे समीकरण

छत्रपती संभाजीनगरमधील (पूर्वीचे औरंगाबाद) एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. प्रश्न त्यांच्या एका विद्यार्थ्याचा होता. मुलाचे वडील बेकरीत कारागीर आहेत. तेथे मार्गारिनचे खोके येतात आणि त्यातून खारी, नानकटाई तयार होते. मुलाची आजी पैठणजवळच्या खेड्यात राहते आणि घरच्या दह्याचे ताक करून लोणी काढते. 'कार्बनी संयुगे' हा पाठ शिकवून झाल्यावर मुलगा म्हणाला, "सर, आजीचे लोणी संपृक्त, म्हणून ते वाईट. बेकरीतले खोके वनस्पती तेलाचे, पण त्या तेलात हायड्रोजन घालून तेही संपृक्तच करतात. मग दोन्ही सारखीच वाईट का?"

मुलाने पाठ नीट वाचला होता आणि त्यावरून तर्कही बरोबर केला होता. तरी त्याचे उत्तर चुकले. विद्यार्थी तर्कात न चुकता चुकीच्या उत्तरावर पोचत असेल, तर पाठच पुन्हा तपासून पाहायला हवा. तेच आम्ही येथे करणार आहोत.

पाठात काय आहे, काय नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' या पुस्तकात समावेशन अभिक्रियेचे उदाहरण म्हणून वनस्पती तूप येते. तेलाच्या रेणूतील लांब, असंपृक्त शृंखलांवर निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनची क्रिया केली की त्या संपृक्त होतात आणि तूप मिळते, असा आशय आहे. त्याला जोडूनच असंपृक्त मेद आरोग्याला हितकर आणि संपृक्त मेद अपायकारक, असेही सांगितले आहे. तेल आणि वनस्पती तूप यांवर ब्रोमीनजल किंवा टिंक्चर आयोडीन टाकून पाहण्याची कृतीही दिली आहे.

प्रथम गुणांची नोंद करू. रासायनिक अभिक्रिया स्वयंपाकघराशी जोडणे हे पाठ्यपुस्तकाचे उत्तम काम आहे. कोरड्या सूत्रांपेक्षा डब्यातले तूप मुलांच्या लक्षात राहते. आम्हीही शाळेत हेच समीकरण पाठ केले. रिकाम्या झालेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुळस लावलेली ज्यांनी पाहिली आहे, त्या पिढीला हे उदाहरण वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

आमचा आक्षेप समीकरणाच्या उजव्या बाजूला आहे. तेथे फक्त संपृक्त शृंखला दाखवली जाते. कारखान्यात मात्र अभिक्रिया तेथपर्यंत नेतच नसत. सर्व दुहेरी बंध संपृक्त केले तर अठरा कार्बनच्या मेदाम्लाचे स्टिअरिक आम्ल होते. त्याचा द्रवणांक सुमारे ६९ अंश सेल्सिअस आहे. असा पदार्थ मेणासारखा कडक असतो, तोंडात विरघळत नाही. भारतीय मानकांनी वनस्पतीचा द्रवणांक ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान ठेवला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या आसपास. तेवढ्यासाठी अभिक्रिया मध्येच थांबवावी लागते. यालाच अंशतः हायड्रोजनीकरण म्हणतात.

अभिक्रिया मध्येच थांबली की काय होते, हे पाठात यायला हवे होते. हायड्रोजन घेण्यासाठी दुहेरी बंध निकेलच्या पृष्ठभागाला चिकटतो. ही पायरी उलटही फिरू शकते. काही रेणू हायड्रोजन पूर्ण न घेताच पृष्ठभागावरून सुटतात आणि सुटताना त्यांचा दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण वेगळ्या रचनेत. नैसर्गिक तेलात दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे हायड्रोजन अणू एकाच अंगाला असतात. ही सिस रचना. सुटलेल्या अनेक रेणूंत ते विरुद्ध अंगांना जातात. ही ट्रान्स रचना.

सिस शृंखला मध्येच वाकलेली असते, ट्रान्स जवळजवळ सरळ. सरळ काड्यांचा खराटा घट्ट बांधला जातो, वाकलेल्या काड्यांचा जात नाही. म्हणून ओलिक आम्ल (सिस) सुमारे १३ अंशांना वितळते, तर तेच रेणुसूत्र असलेले इलायडिक आम्ल (ट्रान्स) सुमारे ४४ अंशांना. अणू तेवढेच, दुहेरी बंधही एकच, तरी द्रवणांकात तीस अंशांचा फरक. समघटकतेचे इतके सुंदर उदाहरण दारात असताना पाठ त्याच्या शेजारून निघून जातो.

अर्ध्या समीकरणाची किंमत

ही केवळ बारकाव्याची चूक असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण येथे प्रश्न आरोग्याचा आहे.

मार्गारिनचा जन्म १८६९ साली फ्रान्समध्ये झाला. तिसऱ्या नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधण्यासाठी बक्षीस लावले होते आणि हिप्पोलित मेज-मूरिए यांनी तो गोमांसाच्या चरबीपासून तयार केला. म्हणजे पहिले मार्गारिन वनस्पतिजन्य नव्हतेच. पुढे पॉल साबातिए यांनी निकेलवरील हायड्रोजनीकरणाचा पाया घातला (त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले), आणि १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रव तेले घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तयार होऊ लागले आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले.

नंतरची अनेक दशके या घट्ट केलेल्या तेलांकडे लोण्या-तुपाचा निर्धोक पर्याय म्हणून पाहिले गेले. फ्रेड कुमेरो यांनी मानवी ऊतींत ट्रान्स मेद सापडल्याचे १९५७ मध्येच दाखवले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी माणसांवर नियंत्रित आहाराचा प्रयोग केला. संपृक्त मेद रक्तातील घातक (एलडीएल) कोलेस्टेरॉल वाढवतो, हे माहीत होते. ट्रान्स मेद ते वाढवतोच, शिवाय उपयुक्त (एचडीएल) कोलेस्टेरॉल कमीही करतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ज्याच्या जागी तो वापरला जात होता, त्या संपृक्त मेदाहूनही तो वाईट ठरला. डेन्मार्कने २००३ साली औद्योगिक ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ही मर्यादा आधी १० टक्के, मग ५ टक्के होती. ती जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली.

आता मुलाच्या तर्काकडे परत जाऊ. 'दोन्ही संपृक्त, म्हणून दोन्ही सारखीच' हे उत्तर कित्येक वर्षे चुकीचे होते. वनस्पती तूप आणि कडक मार्गारिन लोण्याहून अधिक घातक होते, आणि ते ज्या घटकामुळे, त्याचे नावच समीकरणात नव्हते. कायदा बदलला, कारखान्यांनी पद्धती बदलल्या, पण आपले समीकरण आहे तेथेच राहिले.

उलट बाजूनेही चूक होते. ट्रान्स मेद कमी करण्यासाठी आता पामतेल आणि त्याचे घट्ट अंश मोठ्या प्रमाणात वापरले जातात. पामतेलातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. कोकणातल्या खोबरेल तेलात तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा डब्यावर 'वनस्पतिजन्य' लिहिले म्हणजे आतला मेद असंपृक्त, असे मानायला आधार नाही. प्राणी वाईट आणि वनस्पती चांगली ही वाटणी सोपी आहे, पण रसायनशास्त्र ती पाळत नाही.

'असंपृक्त ते चांगले' हे विधानही मुलांना सूत्रासारखे देऊ नये. करडई हे आपल्या मराठवाड्याचे पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हे वाण दिले आहे. करडई तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण फार मोठे असते, म्हणजे पाठाच्या हिशेबाने ते आदर्श तेल. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. काहींच्या आहारात संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारिन दिले गेले. त्या गटात मृत्यू अधिक झाले. जुन्या नोंदींचे संपूर्ण विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी चर्चा झाली. मार्गारिनमधल्या ट्रान्स मेदाचा त्यात किती वाटा, हा वादाचा मुद्दा आहे. या एका चाचणीवरून करडईला दोषी ठरवू नये. एकूण पुरावा अजूनही संपृक्त मेदाच्या काही भागाऐवजी असंपृक्त मेद घेण्याच्या बाजूचा आहे. पण विज्ञानातील निष्कर्ष कसा तयार होतो आणि कसा तपासला जातो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

चवीचे काय?

चवीच्या बाबतीत मुले सहज सांगतात की लोणी ते लोणी. यातही रसायनशास्त्र आहे. लोण्याच्या वासात डायअसिटिल या साध्या रेणूचा मोठा वाटा असतो. दही विरजताना जिवाणू तो तयार करतात. म्हणून दह्याचे ताक करून काढलेल्या लोण्याचा वास ताज्या सायीच्या लोण्याहून वेगळा आणि भरदार असतो. 'अमूल'च्या सुरुवातीच्या काळात मुंबईकरांच्या जिभेला आंबवलेल्या सायीच्या 'पोलसन' लोण्याची सवय होती. ताज्या सायीचे लोणी त्यांना बेचव वाटले आणि त्यात मीठ व डायअसिटिल घालावे लागले, असे व्हर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. मार्गारिनलाही लोण्याचा वास यावा म्हणून हाच रेणू वापरतात. तेव्हा चव हा शुद्धतेचा किंवा आरोग्याचा पुरावा नव्हे. तिच्यात सवयीचा भाग बराच असतो.

वर्गात काय करता येईल?

पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका तासात पुढील गोष्टी होऊ शकतात.

पहिली, पाठातीलच कृती जरा लांबवावी. बहुतेक वर्गांत 'तेलात रंग गेला, तुपात राहिला' असे निरीक्षण लिहून घेतले जाते. त्याऐवजी शिक्षकांनी वनस्पती कोमट करून वितळवावे आणि टिंक्चर आयोडीन थेंबाथेंबाने टाकून, दर वेळी पुरेसा वेळ हलवून, थेंब मोजावेत. वनस्पतीतही काही दुहेरी बंध शिल्लक असतात, हे त्यावरून पटवून देता येईल. सोबत आयोडीन मूल्ये द्यावीत: खोबरेल ७.५ ते १०, शेंगदाणा तेल ८५ ते ९९, करडई १३५ ते १४८. मग विचारावे, या चाचणीने ट्रान्स मेद ओळखता येईल का? येणार नाही. आयोडीन मूल्य दुहेरी बंध मोजते, त्याची रचना सांगत नाही. एखाद्या चाचणीला काय दिसत नाही, हे कळणे हेही शिक्षणच आहे.

दुसरी, चवीची अंध चाचणी. प्रत्येक मुलाला पावाचे तीन तुकडे द्यावेत: दोन एकाच पदार्थाचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचे. तीस मुलांपैकी दहा जण निव्वळ अंदाजाने बरोबर येतील. पंधरा किंवा अधिक आले तरच फरक खरोखर कळतो असे म्हणता येईल. तुकड्यांची मांडणी मुलांना कळू देऊ नये.

तिसरी, हिशेब. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्याने संपृक्त मेदातून त्याच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅमची होते. चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम लोण्यात सुमारे अडीच ग्रॅम संपृक्त मेद असतो. पावभाजीच्या एका थाळीत ५० ग्रॅम बटर गेले तर तेवढ्यातच पंचवीस ग्रॅम होतात. ट्रान्स मेदाची मर्यादा १ टक्का, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम आहे. पूर्वीच्या २० टक्के ट्रान्स मेद असलेल्या वनस्पतीचे १५ ग्रॅम घेतले की ३ ग्रॅम पोटात जात. मुलांनी हा हिशेब स्वतः करावा, पाकिटावरील आकडे वाचावेत आणि सुट्या खारीच्या पुड्यावर असे आकडे नसतात याचीही नोंद करावी.

मुलाला उत्तर

शिक्षकांना आम्ही सांगितले ते असे. आजीच्या लोण्याचा चमचा भाकरीवर घ्यायला हरकत नाही; त्याचा गोळा रोज नको. वडिलांच्या बेकरीतल्या खोक्याला विष म्हणण्याचे कारण नाही. मात्र ट्रान्स मेद आणि संपृक्त मेद किती, हे खोक्यावर वाचून पाहावे आणि ते वडिलांनाही दाखवावे. मार्गारिनमध्येही लोण्याइतकाच, म्हणजे सुमारे ८० टक्के मेद असतो, तेव्हा 'हलके' समजून ते जास्त लावू नये. रोजच्या स्वयंपाकाला शेंगदाणा, करडई यांसारखी तेले बेताने वापरावीत.

काही दिवसांनी शिक्षकांनी कळवले की मुलाने खोक्यावरचे आकडे वहीत उतरवून आणले आणि वर्गात फळ्यावर लिहिले. त्यानंतर दुसऱ्या मुलीने विचारले, "सर, मग पुस्तकात ट्रान्स का नाही?" हा प्रश्न आम्ही पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांपर्यंत पोचवू इच्छितो. समीकरणाच्या उजव्या बाजूला आणखी एक रेणू आणि त्याखाली दोन ओळी, एवढीच आमची मागणी आहे.