भोळे, ज्योत्स्ना
(११ मे १९१४–५ ऑगस्ट २००१). मराठी गायिका-अभिनेत्री. जन्म गोव्यातील बांदिवडे येथे. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. बरोक ऑपेराच्या काळात रोममध्ये स्त्रीभूमिका पुरुष गायक करीत. मराठी संगीत रंगभूमीवरही बव्हंशी तीच प्रथा होती. ‘नाट्यमन्वंतर’च्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकातील बिंबाच्या भूमिकेने ज्योत्स्नाबाई एकोणिसाव्या वर्षीच प्रकाशात आल्या. बालगंधर्वांच्या विस्तृत पदगायनाला सरावलेल्या श्रोत्यांपुढे केशवराव भोळे यांच्या आटोपशीर चाली त्यांनी शब्दार्थ सांभाळून गाइल्या. या यशाचे श्रेय केवळ आवाजाच्या गोडव्याला देण्याचा प्रघात आहे, तो अपुरा वाटतो; गाण्यामुळे पात्राची मनःस्थिती खंडित होत नसे, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. कुलवधू (१९४२) मधील भानुमतीच्या भूमिकेत ते अधिक परिपक्व झाले.