फ्रिजचे दार : सोय खरी, शिकवण चुकीची

दाराला आतून कप्पे असलेला 'शेल्व्हाडोर' हा फ्रिज अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीने १९३३ साली बाजारात आणला. दाराच्या जाडीत वाया जाणारी जागा उपयोगी पडली, बाटल्या हाताशी आल्या. सोय म्हणून ही रचना उत्तमच. आमचा आक्षेप आहे तो पुढे त्या कप्प्यांना मिळालेल्या आकारांवर.

अनेक फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खळगे आणि दुधाच्या बाटलीएवढा उंच कप्पा असतो. वास्तविक दार हा फ्रिजचा सर्वांत उबदार भाग. उघडताच ते कप्प्यांसह खोलीतल्या हवेत येते. दूध ५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. त्याची जागा आतच. कप्पा करताना बाटलीची उंची पाहिली गेली, बाटलीतला पदार्थ नाही.

मग दारात काय ठेवावे? तोंडीलावणी ठेवावीत, पण सरसकट नव्हे. टोमॅटो सॉसमधील आम्लामुळे त्याचा सामू ४ च्या जवळपास असतो; त्यात घातक जिवाणू सहसा वाढत नाहीत. बाटली उघडल्यावर चव व रंग टिकावा यासाठी दाराचा गारवा पुरतो. भरपूर मीठ घातलेल्या, तेलात बुडालेल्या लोणच्याला फ्रिजची गरज नाही. कोरडा चमचा पुरे. मधाला तर फ्रिज नकोच, तेथे तो लवकर साखरतो.

ओल्या खोबऱ्याच्या चटणीत मात्र पाणी भरपूर आणि आम्ल थोडे. ती आतल्या कप्प्यातच हवी. लसणाची कोरडी चटणी बाहेर टिकते. पण कच्चा लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर ठेवणे धोक्याचे. तेलाखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि बोटुलिझमच्या जिवाणूंना तेच मानवते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील अशा लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती.

दारातले आकार हे सारे सांगत नाहीत. शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून घ्यावा. पाण्याचे दोन सारखे पेले, एक दारात आणि एक मधल्या फळीवर, रात्रभर ठेवावेत. सकाळी आणि दिवसभराच्या उघडझापीनंतर संध्याकाळी दोन्हींचे तापमान मोजावे. तापमापी पाऱ्याची नसावी. नोंदी वहीत मांडून, मग विद्यार्थ्यांनाच विचारावे : दूध कुठे ठेवायचे?