माजी विद्यार्थ्यांचे गद्य : काही निरीक्षणे

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात माजी विद्यार्थी कक्षाचे काम माझ्याकडे आले. मूल्यांकनासाठी समिती यायची होती. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र गुण ठेवलेले होते. तेव्हा संघाची नोंदणी, सभांची इतिवृत्ते, देणग्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे अशी सगळी जुळवाजुळव करणे भाग होते. नमुना म्हणून मी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांच्या स्मरणिका आणि माजी विद्यार्थ्यांची वार्तापत्रे जमवली. टेबलावर चांगला गठ्ठा झाला. मी मराठीचा शिक्षक. हातात आलेला कोणताही कागद वाङ्मय म्हणून वाचायची खोड जडलेली आहे. म्हणून हा गठ्ठाही तसाच वाचला. माजी विद्यार्थ्यांशी संपर्क राखावा, त्यांना महाविद्यालयाच्या बातम्या कळवाव्यात आणि त्यांनी मागच्यांना हात द्यावा, असा ह्या साऱ्या लेखनाचा उद्घोषित हेतू आहे. तो कितपत साधतो हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय.

पहिली गोष्ट अशी की ह्या लेखनाला एक पक्का साचा आहे. लेख बहुधा पावसाळ्यात सुरू होतो. प्रवेशाचा पहिला दिवस, बुजलेला विद्यार्थी, भव्य इमारत. मग 'ज्ञानमंदिर' हा शब्द येतो आणि 'मंतरलेले दिवस' मागोमाग येतात. कॅन्टीनचा चहा, कट्टा, गॅदरिंगमधली एकांकिका, एका कडक पण प्रेमळ सरांचा किस्सा. शेवटी 'आज मी जो काही आहे तो ह्या संस्थेमुळे' हे वाक्य, आणि लेखाच्या डोक्यावर लेखकाचे पद. ह्या लेखांत कोणी उपाशी राहत नाही. कोणाची फी थकत नाही. रुपया हा शब्द अख्ख्या स्मरणिकेत दोनच ठिकाणी भेटतो : आजीव सभासदांच्या वर्गणीत आणि देणगीदारांच्या यादीत. म्हणजे पैसा घेण्याच्या जागी आहे, भोगण्याच्या जागी नाही.

हे गद्य कोणाचे आहे? ज्याला कॉलेज म्हणजे बालपण आणि नोकरी यांच्यामधला मोकळा काळ होता, त्या पांढरपेशा घरातल्या मुलाचे ते आहे. त्याला तो काळ मंतरलेला वाटला असेल तर त्यात खोटे काही नाही. त्याच्या घरात आजोबाही कॉलेजात गेलेले असतात. आमच्यापैकी पुष्कळांना मात्र वसतिगृहाची खोली ही हक्काची पहिली खोली होती आणि ती कधी हातून जाईल याचा नेम नव्हता. तरीही लिहायला सांगितले की आमची मुले तेच उसने गद्य लिहितात. मंतरलेले दिवस आमच्याही लेखणीतून उतरतात! मला विचार करायला लावले ते ह्याने.

ह्याबाबत स्वतःचाच दाखला देतो. मी जेथे शिकलो त्या महाविद्यालयाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता. घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच, तेव्हा निमंत्रणाचे अप्रूप वाटले. मी दुसऱ्या वर्षाबद्दल लिहिले. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता, मेसवाल्याने उधारी बंद केली, अकरा दिवस चूल पेटली नाही. आम्ही शेंगदाणे आणि पाव यांवर काढले. माझ्या रूम पार्टनरने मुकादमाची उचल घेतली आणि आईबापांबरोबर कोयत्यावर निघून गेला. परीक्षेला आला नाही. स्मरणिका हातात पडली तेव्हा लेख होता, छायाचित्र होते, अकरा दिवसांचा परिच्छेद नव्हता. संपादक आमच्यातलेच, माजी विद्यार्थी, आता चांगल्या हुद्द्यावर. ते म्हणाले, "सर, पाहुणे येणार होते. आणि आपलीच लाज आपण का काढायची?" मला राग आला. पण हेही सांगितले पाहिजे की मी निषेधाचे पत्र लिहिले नाही. मेळाव्याला गेलो आणि शाल-श्रीफळ घेऊन परतलो.

'आपलीच लाज' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उपास घडला तो पोरांना. लाजही पोरांनाच वाटायची. ज्याने हप्ता अडवला त्याला ती वाटत नाही. स्मरणिकेचे गद्य ही लाज झाकण्याचे काम करते. ह्याच्या नेमके उलटे काम दलित आत्मकथनांनी केले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये, कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ मध्ये. ह्या पुस्तकांचा बराचसा भाग शिक्षणाचाच आहे. शाळा, वसतिगृह, वर्गातली जागा, भाकरी, संस्कृत शिकू पाहणाऱ्या मुलीकडे वळलेल्या नजरा. ती आपण बंडाची म्हणून वाचली आणि ते योग्यच होते. पण ती माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेली पुस्तकेही आहेत. स्मरणिकांमधून गळालेला परिच्छेद तेथे पुस्तकभर पसरला आहे. समीक्षेने ह्या दोन लेखनांना एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नाही. कारण एक वाङ्मय ठरले आणि दुसरे नुसता कार्यक्रमाचा कागद.

आता एका वेगळ्या माजी विद्यार्थ्याकडे वळू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९३० साली ते गोलमेज परिषदेस गेले, आणि त्याच डिसेंबरात कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्राने त्यांचा मजकूर छापला. त्यात त्यांनी आयुष्यातील उत्तम मित्र म्हणून कोलंबियातल्या काही वर्गबंधूंचा आणि आपल्या थोर प्राध्यापकांचा निर्देश केला आहे. प्राध्यापकांची नावेही दिली आहेत : ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन. हा मजकूर अगदी थोडका आहे. इमारतीचे वर्णन नाही, हिरवळ नाही, मंतरलेपण नाही. नावे आहेत. ज्या माणसाला बडोद्यात नोकरीवर असताना राहायला जागा मिळाली नव्हती, तो हजारो मैलांवरच्या माणसांना मित्र म्हणतो, तेव्हा त्या 'मित्र' शब्दाला वजन येते. हे नाते आठवणीपुरतेही नव्हते. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. ती मदत म्हणजे महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि तिच्यामागे नोकरीचा करार होता. मदत कोणी केली, किती केली, कोणत्या अटीवर केली हे सारे आपल्याला माहीत आहे, कारण ते झाकलेले नाही. १९५२ साली कोलंबियाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. विद्यापीठाला आपला माजी विद्यार्थी कोण हे ठाऊक होते आणि विद्यार्थ्यालाही आपली माणसे ठाऊक होती.

आपल्याकडे असे नाते बांधण्याची रीत नव्हती असे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली आणि १९२५च्या जानेवारीत तिने सोलापुरात वसतिगृह काढले. म्हणजे कॉलेज नंतर, आधी भाकरीची आणि झोपण्याची सोय. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. तोपर्यंत मराठवाड्यातल्या पोराला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. नागसेनवनाच्या परिसरातून बाहेर पडलेल्यांना धरून ठेवणारे जे पत्र निघाले ते माजी विद्यार्थी संघाचे नव्हते. १९६७ मध्ये 'अस्मिता' निघाले, त्याचेच 'अस्मितादर्श' झाले, आणि गंगाधर पानतावणे यांनी ते दीर्घकाळ चालवले. ह्या त्रैमासिकाचा वाङ्मयीन इतिहास सर्वांना माहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की तालुक्याच्या गावी शिक्षक किंवा कारकून झालेल्या माणसाला त्या अंकातून परिसराची खबर लागत असे. कोण लिहू लागला, कोणाचे पुस्तक आले, वाद कशावर चालला आहे. लेखक-वाचक मेळाव्यांत तो प्रत्यक्ष भेटत असे. वर्गणी भरणे हीच मदत होती आणि त्या मदतीचे काय झाले हे पुढच्या अंकात दिसत असे. चांगले वार्तापत्र दुसरे काय असते?

ह्याउलट आज आपल्या मेळाव्यांत एक दुसराच प्रकार रूढ झाला आहे. त्याचीही समीक्षा केली पाहिजे, केवळ पांढरपेशांच्या स्मरणिकेला नावे ठेवून भागणार नाही. आग्र्याला १९५६च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, तिचा चाबूक करून आपण शिकलेल्यांच्या पाठीवर ओढतो. १९७८ साली बामसेफने समाजाचे देणे फेडण्याचा विचार नोकरदारांपुढे पद्धतशीर मांडला; तो विचार मोठा होता आणि त्याला संघटना होती. आता विचार गळाला आणि दरडावणे उरले. वक्ता दरडावतो, श्रोता मान खाली घालतो, पाकिटातून नोट काढतो आणि पुढची पाच वर्षे तिकडे फिरकत नाही. स्मरणिका त्याला गोंजारते, हे भाषण त्याला झोडपते; पण मुलींच्या वसतिगृहातला नळ चालू आहे की बंद, हे दोघेही त्याला सांगत नाहीत. बातमीवाचून केलेला उपदेश आणि बातमीवाचून केलेली स्तुती, दोन्हींत फारसा फरक नाही.

एवढे म्हटल्यावर मी काय केले हे विचारले जाईलच. समिती येऊन गेल्यावर मी चार पानांचे एक पत्रक काढले. त्यात सत्कार नव्हते. यंदा किती मुलांचा शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही, कोणत्या कागदासाठी अर्ज अडला, मेसची बाकी किती, ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तके कोणत्या सालची आहेत, पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती मुली दुसऱ्या वर्षाला दिसल्या नाहीत, एवढेच होते. मुलांची नावे अर्थातच दिली नाहीत. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. संस्थेची बदनामी होईल असे त्यांचे म्हणणे होते. मी म्हणालो, हे तर आपल्याच हजेरीपटातले आणि वहीतले आकडे आहेत. ते गप्प राहिले. कागद आणि छपाईचा खर्च मात्र मलाच करावा लागला.

उत्तरे थोडी आली. मोठ्या हुद्द्यावरच्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवले, एकाने बाबासाहेबांचे वचन पाठवले. उपयोगी पत्रे आली ती अनपेक्षित ठिकाणांहून. तहसील कचेरीत काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने कळवले की जात पडताळणीचे आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज मुलांनी जूनच्या आत भरले तर हप्ता अडण्याचे अर्धे कारण जाईल. ती स्वतः एका शनिवारी आली आणि वर्गात बसून अर्ज तपासून गेली. त्या दिवशी जे झाले ते कोणत्याही देणगीपेक्षा जास्त होते आणि त्याची पावती फाडता येत नाही. मूल्यांकनाच्या तक्त्यात तिचे काम कोणत्या रकान्यात बसवायचे हे मला शेवटपर्यंत सुचले नाही.

दुसरे पत्र एस.टी.तल्या एका कंडक्टरचे होते. सोबत पाचशे रुपये. त्याने लिहिले होते : "सर, मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, परीक्षा दिली नाही. तुमचं पत्रक आमच्या गावच्या पोराकडं पाहिलं. मी माजी विद्यार्थी होतो का नाही ते माहीत नाही. होत असलो तर नाव लावा, नसलो तर पैसे मेसला द्या."

आमच्या नोंदवहीत 'उत्तीर्ण वर्ष' असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही. शिकून गेलेला तो माजी विद्यार्थी, सोडून गेलेला कोणीच नाही. ह्या एका रकान्याने आमच्या समाजातली किती मुले नोंदीतून पुसली असतील! माझा रूम पार्टनरही त्यातच. पुढच्या सभेत मी रकान्याचे नाव बदलून 'प्रवेश वर्ष' करण्याचा ठराव मांडला. एक सदस्य म्हणाले, "मग नापासांचाही संघ होईल." ठराव दोन मतांनी पडला. कंडक्टरचे पाचशे रुपये मेसच्या खात्यात जमा केले, पावती त्याच्या नावाने पाठवली आणि पुढच्या पत्रकाच्या पत्त्यांत त्याचे नाव घातले. ठराव येत्या जूनच्या सभेत मी पुन्हा मांडणार आहे. तोपर्यंत ज्या शिक्षकमित्रांच्या हाती अशा नोंदवह्या आहेत त्यांनी आपापला रकाना एकदा पाहावा.