जगाचा अभ्यास, जुन्नरच्या वाटेने

मंडळी, 'लिबरल आर्ट्स' हा शब्द आता पुण्यात चांगलाच रुळलाय. सिंबायोसिसने २०११ साली त्याचं वेगळं कॉलेज काढलं, आणि फ्लेम २०१५ पासून विद्यापीठच आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की २०४० पर्यंत देशातल्या सगळ्या उच्चशिक्षण संस्थांनी बहुविद्याशाखीय होण्याचं ध्येय ठेवावं. म्हणजे हे लोण आज ना उद्या आपल्या मंचरपर्यंत येणार. अशा कॉलेजांत 'ग्लोबल स्टडीज', म्हणजे जागतिक अभ्यास, हा मानाचा विषय असतो. त्यातून अवसरीच्या पोरांच्या पदरात काय पडेल, ते आज तपासू.

तपासायला माप हवं. ते आम्ही दामोदर धर्मानंद कोसंबींकडून घेतो. माणूस मूळचा गोव्याचा, १९०७ चा जन्म, १९२९ साली हार्वर्डची पदवी, आणि पुढे १९४५ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्राध्यापक. वडील धर्मानंद त्याच फर्ग्युसनमध्ये पाली शिकवून गेलेले. या गणितज्ञाने जुनी नाणी तराजूत घातली. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, वजन घटतं. त्या घटीवरून संख्याशास्त्राच्या आधारे ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. याच माणसाने भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. आणि उरलेल्या वेळात पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवून अश्मयुगीन दगडी पाती गोळा केली. एवढे विषय त्यांनी शिकायचे म्हणून शिकले असं आम्हाला वाटत नाही. हातातला प्रश्न एका शास्त्राने सुटेना, म्हणून पुढचं शास्त्र उचललं. १९६३ च्या निबंधात त्यांनी याला 'संयुक्त पद्धती' म्हटलं. नुसत्या पोथीवर प्राचीन भारत कळणार नाही, गावात पायी फिरावं लागेल, हा त्यातला आग्रह.

आता जुन्नरला चला. तिथल्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. त्यांपैकी एकात चिट नावाचा यवन भोजनमंडप दान देतो. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाचा दुसरा यवन पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, देतो. दोघांच्याही नावापुढे 'गत' असा शब्द येतो, आणि एका युरोपीय पंडिताने त्यात थेट गॉथ टोळ्या पाहिल्या! ते राहू द्या. पण बौद्ध भिक्षूंच्या पाण्याची सोय या परक्याने का करावी? इथं लिपी वाचणारा लागतो, पाली जाणणारा लागतो. नाणेघाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट माहीत असणारा लागतो, मोसमी वाऱ्यांवर गलबतं कधी सुटत ते सांगणारा लागतो, आणि काळ्या पाषाणात पाणी कुठं झिरपतं हे ओळखणारा पाथरवटही लागतो. हा झाला जागतिक अभ्यास, आणि तो आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे.

कोसंबींना मात्र आम्ही सूट देणार नाही. शिलालेखातलं 'मानमुकुड' आणि आजचं 'मानमोडी' यांचा धागा ते जोडतात, देवीची उपासना त्याच जागी टिकली असं सुचवतात. कल्पना भुरळ घालणारी आहे, पण नावाच्या साम्यावर टाकलेला भार आम्हाला जड वाटतो. दुसरी तक्रार मोठी आहे. ज्या गावकऱ्यांना विचारून हे सगळं जमवलं, ते त्यांच्या पुस्तकात जुन्या काळाची खूण म्हणून येतात, वाद घालणारे म्हणून येत नाहीत. आणि लेखन बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे ते या लोकांपर्यंत पोचायला फार उशीर झाला.

हीच उणीव आजच्या अभ्यासक्रमांत वाढलेली दिसते. थोडं अर्थशास्त्र, थोडं मानववंशशास्त्र, हवामानबदलाचे काही तास, असं ताट वाढतात, पण भूक कशाची आहे ते कोणी विचारत नाही. गाव येतं ते 'फील्ड व्हिजिट'ला, दोन दिवसांपुरतं.

कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवली ती किमान निर्यातमूल्य टनाला ५५० डॉलर ठरवून, वर ४० टक्के शुल्क ठेवूनच. मंचरच्या बाजारात पट्टी हातात पडते तेव्हा हे सगळं त्या कागदावर असतं, फक्त लिहिलेलं नसतं. ढाक्यातलं गिऱ्हाईक, दिल्लीतली महागाईची आकडेवारी, निवडणुकीचं वेळापत्रक, आणि चाळीत सडणारा माल, सगळं एकाच भावात. हा भाव कसा ठरला, हे उलगडायला चार शास्त्रं तरी लागतील. आणि ज्या मुलीने घरी चाळ भरली आहे, तिला त्यातलं अर्धं आधीच ठाऊक असतं. शहरातल्या महागड्या वर्गात तिला फी परवडत नाही, इंग्रजीची अट आड येते. आणि तिच्याच घरची माहिती तिथं दुसऱ्या कोणाच्या तरी प्रकल्पात 'केस स्टडी' म्हणून जाते.

म्हणून मंचरला असा वर्ग निघाला, तर पहिल्या सत्राचं आमचं मागणं एवढंच: पहिल्या महिन्यात कांद्याची एक पट्टी आणि चिटाचा एक लेख, दोन्ही मूळ कागदावर आणि मूळ दगडावर वाचायला लावा. वाचन मराठीत करा. जगाचा नकाशा दुसऱ्या महिन्यात लावला तरी चालेल.