मांसाची टंचाई, नरबळी आणि हाडांची साक्ष

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला प्रश्न विचारण्यात आला : "अ‍ॅझ्टेक लोकांकडे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या नव्हत्या. मांस मिळेना म्हणून ते माणसांचे बळी देऊन खात, हे खरे का?" प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींनी हे कोठेतरी वाचले होते आणि नववीच्या वर्गात सांगितलेही होते. मुलांना ते पटले, कारण त्यात कारण आणि परिणाम यांची गाठ घट्ट बसलेली दिसते. आम्हाला मात्र ही गाठ तपासून पाहावीशी वाटली.

कल्पनेचा उगम

ही कल्पना ऐकीव नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी १९७७ साली ती शोधनिबंधात मांडली आणि त्याच वर्षी मार्व्हिन हॅरिस यांच्या 'कॅनिबल्स अँड किंग्ज' या पुस्तकाने ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. युक्तिवाद असा : मेसोअमेरिकेत, म्हणजे आजचा मध्य व दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला आणि लगतचा प्रदेश येथे, पाळण्याजोगे मोठे तृणभक्षक प्राणी उरले नव्हते. पेरूच्या इंका लोकांकडे निदान लामा होता. येथे तोही नव्हता. लोकसंख्या वाढली, शिकार संपत आली, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ कमी पडू लागले आणि ती उणीव नरमांसाने भरून काढली गेली. धर्म हे वरचे आवरण, आतली प्रेरणा पोटाची.

या मांडणीचे श्रेय आधी देऊ. "ते लोक स्वभावतःच क्रूर होते" असे म्हणून विषय मिटवण्याची जुनी पद्धत हार्नर यांनी नाकारली आणि परिस्थितीत कारण शोधले. प्राणी आणि माणूस यांच्या संबंधांवर समाजाची घडण अवलंबून असते, हे त्यांचे म्हणणेही योग्यच. बळीनंतर काही प्रसंगी नरमांस खाल्ले जात असे, हेही आम्ही नाकारत नाही. मेक्सिकोतील काही स्थळी माणसांच्या हाडांवर सुऱ्यांचे व्रण सापडले आहेत. पण चांगल्या प्रश्नाचे उत्तरही चांगले असेलच असे नाही. उत्तराला आकड्यांची आणि पुराव्यांची परीक्षा द्यावी लागते.

पहिली परीक्षा : साधा गुणाकार-भागाकार

हार्नर यांनी वापरलेलेच आकडे घेऊ. मध्य मेक्सिकोची लोकसंख्या अडीच कोटी आणि दरवर्षी अडीच लाख बळी. हे दोन्ही अंदाज फार मोठे आहेत अशी टीका झाली आहे; तरी ते क्षणभर मान्य करू. म्हणजे शंभर माणसांमागे वर्षाला एक बळी. त्यापासून ३० किलो मांस मिळाले असे उदारपणे धरू. ३०,००० ग्रॅम भागिले १०० माणसे, भागिले ३६५ दिवस : माणशी रोज सुमारे ०.८ ग्रॅम मांस. मांसात प्रथिन साधारण एक पंचमांश, म्हणजे ०.१६ ग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज ५० ग्रॅमच्या आसपास असते. एवढे प्रथिन राजम्याच्या दोन दाण्यांतही मिळते!

यावर हार्नर यांच्या बाजूने उत्तर असे, की हे मांस सर्वांना नव्हे, सरदारांना आणि पराक्रमी योद्ध्यांना मिळे. समजा ते शंभरातल्या एकालाच मिळाले. मग त्याच्या वाट्याला रोज ८० ग्रॅम मांस येते आणि ते प्रमाण नगण्य नाही. पण मग युक्तिवादाचा पायाच बदलला. सुरुवात झाली ती समाजाच्या उपासमारीपासून; शेवट झाला तो ज्यांना मुळात काही कमी नव्हते त्यांच्या ताटापाशी. सरदारांच्या घरी टर्की, हरीण, ससे, बदके यांची वाण नव्हती.

एर्नान कोर्तेस याने १५२० साली स्पेनच्या राजाला पाठवलेल्या पत्रात टेनोच्टिट्लान या राजधानीतील मोक्तेसुमाच्या पशुपक्षिगृहाचे वर्णन आहे. तेथील शिकारी पक्ष्यांना, वाघा-लांडग्यांसारख्या श्वापदांना कोंबड्या घालत, असे तो लिहितो. युरोपातली कोंबडी तेथे नव्हतीच, म्हणजे हे पक्षी टर्की असणार. कोर्तेस हा जेता. आपण जिंकू पाहतो तो देश किती श्रीमंत आहे हे राजाला पटवण्यात त्याचा स्वार्थ होता, हे लक्षात ठेवून थोडी अतिशयोक्ती वजा करू. तरीसुद्धा जे राज्य गरुडांना टर्की चारते, त्याच्या सरदारांना मांसासाठी युद्धे करावी लागत होती, हे पटणे कठीण आहे.

दुसरी परीक्षा : ताटात काय होते?

'मोठे प्राणी नाहीत, म्हणून प्रथिने नाहीत' या वाक्यात एक गृहीतक लपले आहे : प्रथिन म्हणजे मांस. भाकरी-आमटीवर वाढलेल्या आपल्या वाचकांना ते लगेच खटकावे. मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. घेवड्याच्या दाण्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मेसोअमेरिकेच्या शेतात मका आणि घेवडा शेजारीशेजारी वाढत. शिवाय मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची रीत होती. त्यामुळे त्यातले नायसिन शरीराला घेता येते आणि कॅल्शियमही मिळते. जोडीला राजगिरा होता, त्यात प्रथिन १३-१४ टक्के आणि लायसिनही चांगले. आपल्या उपवासाच्या लाडवातला राजगिरा मूळचा त्याच भागातला; मेक्सिकोत आजही त्याच्या लाह्यांच्या पाकातल्या वड्या करतात. तेस्कोको सरोवरातून स्पिरुलिना हे नीलहरित शेवाळ काढून त्याच्या वड्या वाळवत. पाणकिड्यांची अंडी, मासे, बदके हेही होतेच.

बर्नार्ड ऑर्टिझ दे मॉन्तेयानो यांनी १९७८ साली 'सायन्स'मध्ये हाच आहार मांडून दाखवला आणि एक मार्मिक मुद्दा पुढे केला : नरमांसभक्षणाचे प्रमाण सर्वांत जास्त असे ते सुगीच्या दिवसांत, टंचाईत नव्हे. आम्ही त्यात १४५४ च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळाची भर घालू. त्या वेळी लोकांनी स्वतःला आणि मुलांना किनाऱ्यावरच्या लोकांकडे गुलाम म्हणून विकले, ते मक्याच्या बदल्यात. खरी भूक लागली तेव्हा माणसे धान्यामागे धावली.

तिसरी परीक्षा : हाडे

१९७७ साली वाद मुख्यतः जुन्या लिखाणावर चालला होता. त्यानंतर पुरातत्त्वीय प्राणिशास्त्राने बरीच मजल मारली आहे. उत्खननात सापडलेली हाडे कोणत्या प्राण्याची, किती वयाच्या, कापलेली की भाजलेली, हे हा अभ्यास सांगतो. इनामगावच्या उत्खननातील हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला, तो याच शास्त्राचा. आता त्यात समस्थानिकांची भर पडली आहे. मका, ज्वारी, बाजरी, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन ज्या मार्गाने घेतात तो भात, गहू, कडधान्ये यांच्यापेक्षा वेगळा. त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ चे प्रमाण थोडे जास्त असते आणि खाणाऱ्याच्या हाडांत ती खूण उतरते.

या पद्धतीने काय दिसले? ग्वातेमालातील एल मिरादोर येथे इ.स.पूर्व ३०० ते इ.स. १०० या काळातील टर्कीची हाडे मिळाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती मेक्सिकोतल्या जातीची आहेत, जी तेथे रानात आढळतच नाही. म्हणजे माणसांनीच ती दूरवर नेली. ग्वातेमालातीलच सेइबाल येथील काही कुत्री डोंगराळ भागातून आणलेली होती आणि एका मोठ्या मार्जारकुळातील प्राण्याच्या आहारात लहानपणापासून मक्याचा अंश होता, असे २०१८ च्या अभ्यासात दिसले. मेक्सिकोतील तेओतिवाकान नगरीत चंद्र पिरॅमिडमध्ये सुमारे दोनशे मांसाहारी प्राण्यांचे अवशेष मिळाले : गरुड, प्यूमा, जग्वार, लांडगे. त्यांपैकी काहींच्या हाडांत मक्याची खूण स्पष्ट आहे. प्यूमा मका खात नाही. मक्यावर वाढलेले भक्ष्य त्याला कोणीतरी चारत होते. त्याच नगरीतील ओस्तोयावाल्को या वस्तीत सशांच्या हाडांत हीच खूण आहे. तेथे बुटक्या भिंतींची एक खोली असून तिच्या जमिनीत फॉस्फेटचे प्रमाण जास्त आहे, आणि अंगणात सशाची दगडी मूर्ती. ससे पाळले जात असावेत, असा निष्कर्ष २०१६ साली काढण्यात आला.

ज्यांच्याकडे 'प्राणी नव्हते' ते लोक असे टर्की नेत-आणत होते, सशांची पैदास करत होते, श्वापदे बाळगत होते. नव्हती ती गाय आणि मेंढी. आपल्या ओळखीचे प्राणी नाहीत म्हणजे प्राणीच नाहीत, ही चूक युरोपच्या गोठ्यातून जगाकडे पाहिल्यामुळे झाली.

या पुराव्याच्याही मर्यादा

नव्या पद्धतीने भारावून जाणे हीसुद्धा चूकच, म्हणून तिलाही तोच नियम लावू. निवडुंग आणि घायपात यांच्यातही कार्बन-१३ मक्यासारखेच जास्त असते आणि मेक्सिकोत त्यांना तोटा नाही. म्हणून केवळ हाडातील कार्बनवरून ससा मका खात होता असे म्हणता येत नाही. खोली, फॉस्फेट आणि मूर्ती यांची जोड मिळाली म्हणून निष्कर्षाला वजन आले. मंदिरांचे उत्खनन जास्त झाले, गरिबांच्या चुलींचे कमी. त्यामुळे गरुड-जग्वार डोळ्यांत भरतात आणि रोजचे जेवण मागे राहते. जाड चाळणीतून माशांची, पाखरांची हाडे निसटतात. शिवाय तेओतिवाकान अ‍ॅझ्टेकांच्या कित्येक शतके आधीचे. तेथील सशांवरून टेनोच्टिट्लानमधल्या ताटाचा हिशेब थेट मांडता येणार नाही. पशुपालनाचे ज्ञान या प्रदेशात जुने होते, एवढेच त्यावरून ठामपणे म्हणता येते.

बळींच्या संख्येचेही तसेच. कोर्तेसचा एक सहकारी कवट्यांच्या मांडवात १,३६,००० कवट्या असल्याचे सांगतो. मेक्सिको सिटीत तो मांडव २०१५ साली सापडला आणि २०२० अखेर तेथे मिळालेल्या कवट्यांची संख्या ६०३ झाली. हा संपूर्ण रचनेचा एक भाग आहे, म्हणून एकूण संख्या याहून बरीच मोठी असणार. बळी ही कपोलकल्पित गोष्ट नव्हती हे त्यावरून सिद्धच होते. पण सांगोवांगीचा आकडा आणि मोजलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग बळी का दिले जात? देवांचे ऋण फेडण्याची श्रद्धा, राज्याचा दरारा, योद्ध्यांची प्रतिष्ठा ही कारणे अभ्यासक देतात. ती 'प्रथिनांच्या कमतरते'इतकी सुटसुटीत नाहीत आणि फळ्यावर एका बाणाने दाखवता येत नाहीत. पण उपलब्ध पुराव्याशी ती अधिक जुळतात.

त्या गुरुजींना आम्ही एवढेच सुचवले, की नववीच्या वर्गात जुने विधान पुसू नका. ते फळ्यावर पुन्हा लिहा, शेजारी अडीच कोटी आणि अडीच लाख हे आकडे द्या आणि भागाकार मुलांना करू द्या. उत्तर आले की राजम्याचे दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवा.