गिरकी सुरू होते, पण थांबते कुठे?

"ताई, सुरू तं होते, पण थांबतच नाही नं."

माझी मावसबहीण हे म्हणाली तेव्हा तिच्या डाव्या कुशीवर पंजाएवढा काळानिळा डाग होता, आणि त्या डागाला मी आदल्या आठवड्यात दिलेला सल्ला कारण होता. एरवी या ब्लॉगवर मी माझ्या पीएचडीतल्या फिरणाऱ्या वस्तू सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. आज मात्र दोन जुन्या शोधनिबंधांची झडती घ्यायची आहे. एक मला मनापासून आवडतो आणि त्यानेच माझा घात केला. दुसरा वाचताना झोप येते, पण त्याने आम्हाला वाचवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही आमची छोटी कामठीची. सातव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स. घोटा दोनदा गेल्यावर डॉक्टरांनी जमिनीवर उड्या बंद करायला सांगितल्या. महिनाभर रडून झालं, मग कोणीतरी सुचवलं की पाण्याला घोटा लागत नाही, डायव्हिंग कर. तेव्हापासून पहाटे शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो आणि मग नागपुरातला एक जलतरण तलाव, असा तिचा दिनक्रम आहे. कल्पना वेडी नाही. अमेरिकेची क्रिस्टा पामर जिम्नॅस्टिक्स आणि ट्रॅम्पोलिन करून, गुडघे दुखावल्यावर, विशीत डायव्हिंगकडे वळली आणि टोकियोत तीन मीटर फळीवरून कांस्यपदक घेऊन आली. सिडनीत २००० साली दहा मीटरचं सुवर्ण जिंकणारी लॉरा विल्किन्सनही आधी जिम्नॅस्टच.

छोटीला हवी होती ५१३२ डी. हा आकडा वाचायला सोपा आहे. ५ म्हणजे गिरकीच्या गटातली उडी, १ म्हणजे पुढच्या दिशेने, ३ म्हणजे तीन अर्ध्या कोलांट्या (म्हणजे दीड), २ म्हणजे दोन अर्ध्या गिरक्या (म्हणजे एक), आणि डी म्हणजे शरीराची ठेवण मोकळी. दीड कोलांटी, एक गिरकी, डोकं खाली, हात आधी पाण्यात. तिची गिरकी व्हायची, पण पाण्यात शिरताना अंग एका बाजूला कललेलं. मी व्हिडिओ पाहिला आणि छातीठोकपणे निदान केलं की गिरकी कमी पडते आहे. फिजिक्सवाल्या ताईचा शब्द, तिने मानला.

माझा आत्मविश्वास आला होता क्लिफ फ्रोलिकच्या लेखावरून. १९७९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये त्याने विचारलं होतं की डायव्हर मंडळी अँग्युलर मोमेंटमच्या अक्षय्यतेचा नियम मोडतात का. पुढच्याच वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तोच विषय सगळ्यांसाठी लिहिला. अँग्युलर मोमेंटम म्हणजे फिरण्याची शिल्लक समजा. फळी सुटली की खात्यात भर पडत नाही आणि काही काढताही येत नाही. मग फक्त कोलांटी घेऊन निघालेला माणूस हवेत मध्येच गिरकी कुठून आणतो?

या प्रश्नावर वर्गात हमखास मांजर येते. उलटी सोडलेली मांजर पायांवर पडते, मारेने १८९४ मध्ये तिचे ओळीने फोटो काढले, १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी तिचं गणित मांडलं. सुंदर आहे, पण डायव्हरसाठी फारसं उपयोगी नाही. मांजरीच्या खात्यात शून्य शिल्लक असते, म्हणून तिला कंबरेत वाकून-वळून गिरकी काढावी लागते. डायव्हरकडे कोलांटीची भरपूर शिल्लक असते, त्यातलीच थोडी वळती करायची. फ्रोलिकने हा फरक इतका स्वच्छ दाखवला आहे की त्याच्यानंतरही जे शिक्षक डायव्हरला मांजर करतात त्यांचं मला नवल वाटतं.

वळती करायची रीत अशी. कोलांटी चालू असताना एक हात वर आणि दुसरा खाली जोरात फेकायचा. हात एका बाजूला फिरले की धड उलट बाजूला थोडं कलतं. आता शरीराचा लांब अक्ष शिल्लकीच्या दिशेला काटकोनात राहत नाही, म्हणून शिल्लकीचा छोटा हिस्सा त्या अक्षावर पडतो. सरळ शरीर लांब अक्षाभोवती फिरवणं फार सोपं असतं, त्यामुळे छोट्या हिश्श्यातही भराभर गिरकी मिळते. आकडे हवेत? सरळ शरीराला कोलांटीत फिरवणं हे गिरकीत फिरवण्यापेक्षा १४ पट जड धरा (मोठ्या माणसासाठी हा अंदाज वाईट नाही). मग एका कोलांटीमागे किती गिरक्या, याचं उत्तर येतं १३ गुणिले कलाच्या कोनाचा साइन. सहा अंश कललात तर पाऊण कोलांटीत एक गिरकी पूर्ण. सहाच अंश! तलावाच्या काठावरून ते डोळ्याला दिसतही नाहीत.

म्हणून मी छोटीला सांगितलं, "हात अजून जोरात फेक." तिने फेकले. धरून चाला की कल सहाचा नऊ अंश झाला. पाऊण कोलांटीत आता दीड गिरकी होते. ती नेहमीच्या वेळेला हात उलटे फिरवून गिरकी थांबवायला गेली, आणि इथेच माझी चूक तिच्या कुशीला लागली. पूर्ण गिरकीनंतर हात उलटे फिरवले तर कल निघून जातो. पण एक आणि अर्धी गिरकी झाली असेल तर शरीराची डावी-उजवी बाजू जागा बदलून बसलेली असते, आणि त्याच हालचालीने कल आणखी वाढतो. थांबवायला म्हणून लावलेला ब्रेक अ‍ॅक्सिलरेटर होतो. छोटी कुशीवर आपटली. त्यानंतर तीन आठवडे तिने गिरकीची उडीच मारली नाही, नुसते साधे सूर मारत राहिली. जिम्नॅस्टिक्स सुटताना तिचा जो चेहरा होता तोच परत आला होता, आणि मावशी माझ्याशी नीट बोलत नव्हती.

फ्रोलिकला दोष द्यायचा का? थोडा द्यायचा. त्याचा प्रश्न मूळ फिजिक्सवाल्यांचा आहे, की हे नियमात बसतं का. त्या प्रश्नाचं उत्तर गिरकी सुरू झाली की मिळून जातं, म्हणून लेखाचा सगळा ओढा सुरुवातीकडे आहे. वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते हात फेकणारं चित्र, आणि थांबवणं म्हणजे त्याचीच उलटी फिल्म असा समज होतो. फळीवर उभ्या मुलीसाठी मात्र सुरुवात हा सोपा भाग आहे. तिला पाण्याच्या आधी, ठरावीक जागी, सरळ व्हायचं असतं.

आणि जिम्नॅस्टला तर खासच. जमिनीवर एक कोलांटी नि एक गिरकी मारली आणि पाय टेकले तेव्हा थोडी गिरकी उरलेली असली तरी चालून जातं. पाय जमिनीला घट्ट धरतात आणि उरलेलं फिरणं जमीन पिऊन टाकते. फार तर एक पाऊल हलतं, दशांश गुण जातो. पाणी काही पीत नाही. हात पाण्यात शिरताना जेवढं फिरणं उरलं असेल तेवढं अंगासकट आत जातं आणि फवारा उडतो.

इथे दुसरा निबंध येतो. लफबरो विद्यापीठाच्या फ्रेड यीडनने १९९३ साली 'जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस'मध्ये गिरकीच्या कोलांट्यांवर चार भाग लिहिले. पहिला कडक, न वाकणाऱ्या शरीराचा. दुसरा जमिनीवरून किंवा फळीवरूनच सुरू केलेल्या गिरकीचा. तिसरा हवेत सुरू केलेल्या गिरकीचा. चौथ्यात एखाद्या खऱ्या उडीतली गिरकी कुठून किती आली याचा हिशेब कलाच्या कोनावरून मांडायची पद्धत आहे. लिहिणं अगदी रुक्ष. कुठल्याही प्रशिक्षकाने हे वाचून संपवलं असेल असं मला वाटत नाही, आणि हा मी दोष मानते. कारण ज्याला त्याची गरज आहे तो तलावावर उभा आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाही.

पण दुसरा भाग वाचताना मी उठून बसले. फळीवर पाय असतानाच खांदे वळवले तर गिरकीची शिल्लक फळीकडून मिळते. ही शिल्लक हवेत शून्य करता येत नाही. हात पसरून ती मंद करता येते. शरीर कलवून गिरकी थांबवताही येते, पण मग थांबलेलं शरीर कललेलंच राहतं, कारण एकूण शिल्लकीची दिशाच आता आडवी राहिलेली नसते. कोलांटीच्या शिल्लकीच्या साधारण नऊ टक्के एवढी गिरकी फळीवरून घेतली की शेवटी पाच अंशांचा तिरकेपणा पदरात पडतो. हवेत कमावलेली गिरकी हवेत फेडता येते. फळीवरची उधारी पाण्यापर्यंत सोबत येते.

म्हणजे छोटीचं अंग कलत होतं ते गिरकी कमी पडल्यामुळे नव्हे. ती फळीवरूनच वळत होती. बारा वर्षं जमिनीवर तिने तसंच केलं होतं, आणि तिथे ते खपत होतं. (आमच्याकडे मल्लखांबाची पोरं तर प्रत्येक वळण लाकडाला धरूनच घेतात. धरलेल्या वस्तूकडून फिरणं मागायची सवय विदर्भात फार जुनी आहे म्हणायला हरकत नाही.) डायव्हिंगच्या नियमात गिरकी उघड उघड फळीवरूनच घेतलेली दिसली तर प्रत्येक पंचाने अर्धा ते दोन गुण कापायचे असतात. मला तो नियम आधी निव्वळ सौंदर्यदृष्टीचा वाटायचा. आता वाटतं, ज्यांनी तो केला त्यांनी आधी पुष्कळ तिरक्या उड्या पाहिल्या असाव्यात.

आमची दुसरी चूक व्हिडिओची. आम्ही बाजूने शूट करत होतो, पंच बसतात तिथून. बाजूने कोलांटी छान दिसते, कल मुळीच दिसत नाही. मग तिच्या सरांच्या परवानगीने मी तलावाच्या पलीकडच्या काठावर, फळीच्या अगदी समोर बसले आणि मोबाइलवर स्लो मोशन लावलं. पाय फळी सोडतात तो एक फ्रेम थांबवला. डावा खांदा मागे, नाक वळलेलं. सर बघून म्हणाले, "हे तर मी रोज सांगतो, डोकं आधी वळवू नको." खरंच रोज सांगत होते. पण ते डोक्याबद्दल बोलत होते आणि ही डोकं सरळ ठेवून खांदा वळवायची. फ्रेममध्ये तिने स्वतः पाहिलं तेव्हा पटलं.

त्यानंतर सरांनी तिला महिनाभर गिरकीशिवायची पुढची कोलांटी मारायला लावली, फळी सुटेपर्यंत दोन्ही खांदे समोर. मग वाकलेल्या अंगाने अर्धी कोलांटी होऊ द्यायची, अंग उघडताना हात फेकायचे, एक गिरकी झाली की हात उलटे आणि लगेच कंबरेत वाकायचं. ते वाकणंही यीडनच्या गणितात बसतं. सरळ शरीर एकाच बाजूला गिरकी घेत राहतं. कंबरेत पुरेसं वाकलेलं शरीर गिरकी घेत नाही, इकडून तिकडे डुलतं. सर याला काही नाव देत नाहीत, नुसतं "उघड, फेक, मोड" म्हणतात. चार निबंधांतलं जे तलावावर लागतं ते या तीन शब्दांत बरंचसं येतं, हे कबूल करायला मला जड गेलं.

मागच्या रविवारी तीन मीटरवरून तिने सहा वेळा ५१३२ डी मारली. समोरून घेतलेल्या फ्रेमवर कोनमापक लावून पाहिलं. चार उड्यांत शिरतानाचा कल दोन अंशांच्या आत होता, एकीत चार, आणि एकीत ती घाबरून जुन्या सवयीने खांदा वळवून निघाली, तेव्हा सात. ती सातवाली उडी तिला पाण्यातून वर येण्याआधीच कळली होती.

आता सरांना हीच उडी एक मीटरच्या फळीवरून हवी आहे. फळीवरून सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने वर निघालं तर तीन मीटरवर हवेत साधारण १.४ सेकंद मिळतात, एक मीटरवर १.२. हा फरक कुठून तरी भरून काढायचा, आणि घाईत तो फळीवरूनच उसना घ्यायचा मोह होणार. मी तिसरा भाग परत काढला आहे. छोटीने बजावलंय की या वेळी आधी सरांना विचार, मग मला सांग.