आभासी क्लस्टरचा आकडा कितपत मानायचा?

मागच्या व्याख्यानात आपण एमपीआय पाहिलं. एकच प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालतो, प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि बोलणं फक्त निरोपांतून. त्यावर साहजिकच प्रश्न आला: ‘आमच्याकडे क्लस्टरच नाही, मग हे करून कुठे बघायचं?’ त्याचं एक उत्तर म्हणजे सिमग्रिड. हे काम १९९९ साली सॅन डिएगोच्या विद्यापीठात सुरू झालं, पुढे मुख्यतः फ्रान्समध्ये वाढलं. त्यातला एसएमपीआय हा भाग तुमचा एमपीआय प्रोग्रॅम तुमच्याच लॅपटॉपवर, पण कागदावरच्या क्लस्टरवर चालवतो. आज मला त्याचं कौतुकही करायचंय आणि त्याच्याशी थोडं भांडायचंही आहे.

आधी ते चालतं कसं ते बघू. तुम्ही एका फाइलमध्ये क्लस्टरचं वर्णन लिहिता: किती नोड, प्रत्येकाचा वेग किती, तारांची क्षमता किती, निरोप पोचायला सुरुवातीचा उशीर किती. प्रोग्रॅममधली आकडेमोड तुमच्या प्रोसेसरवर खरोखर होते. तिला लागलेला वेळ मोजून आभासी नोडच्या वेगाच्या प्रमाणात बदलला जातो. निरोप मात्र कुठल्याच नेटवर्कवरून जात नाही. तो पोचायला किती वेळ लागला असता, एवढंच गणित होतं. एका तारेवरून दोन निरोप जात असतील तर क्षमता वाटून घेतली जाते. म्हणजे घड्याळ खोटं, पण हिशेबाने चालणारं.

शिकवण्यासाठी हे उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक उदाहरण घ्या. ६४ नोड आहेत आणि पहिल्याला १०० एमबी डेटा बाकी ६३ जणांना द्यायचाय. प्रत्येक नोडची तार सेकंदाला १२५ एमबी नेते, मध्ये चांगला स्विच आहे. पहिला नोड एकेकाला पाठवत बसला तर ६३ गुणिले ०.८, म्हणजे ५०.४ सेकंद. ज्याला मिळालं त्याने पुढे द्यायचं, अशी झाडासारखी रचना केली तर सहा फेऱ्या, ४.८ सेकंद. इथे पोरं ‘झाड चांगलं’ असं पाठ करतात. आता फाइल बदला. स्विच काढा आणि सगळ्यांना मिळून एकच सामायिक तार द्या. झाडालाही ५०.४ सेकंद लागतात! कारण ६३ प्रती त्याच तारेवरून जायच्या आहेत. खऱ्या क्लस्टरवर असं नेटवर्क उपटून बदलू कोण देईल तुम्हाला? इथे चार ओळी बदलायच्या.

भांडण सुरू होतं ते हा आकडा शिकवणीच्या वर्गातून बाहेर पडून पुरावा म्हणून उभा राहतो तेव्हा. यातलं सगळ्यात धाडसी काम २०१७ सालचं. टेक्सासच्या स्टँपीड महासंगणकाने २०१३ साली लिनपॅक चाचणी दिली आणि तो टॉप ५०० यादीत सहावा आला. त्या चाचणीला ६,००६ नोड, १२० टीबीहून जास्त मेमरी आणि दोन तासांहून जास्त वेळ लागला होता. संशोधकांनी तसाच प्रकार एका साध्या संगणकावर १९ जीबी मेमरीत, सुमारे ६२ तासांत सिम्युलेट केला. ऐकून कोणीही थक्क होईल.

पण १२० टीबी १९ जीबीत बसले कसे? जड आकडेमोड केलीच नाही. तिच्या जागी ‘याला एवढा वेळ लागला असता’ असं सूत्र ठेवलं. वेगवेगळ्या नोडच्या मोठ्या अ‍ॅरे एकाच मेमरीवर बसवल्या. म्हणजे उत्तर कचरा, वेळ तेवढा खरा. लिनपॅकला हे चालतं, कारण पुढे काय करायचं ते जवळजवळ सगळं आधीच ठरलेलं असतं. पण ‘चूक पुरेशी कमी झाली की थांब’ असं म्हणणारा प्रोग्रॅम असेल तर? कचऱ्यावरून तो कधी थांबणार? ही युक्ती सगळीकडे लावता येत नाही, हे आधी ठसठशीत सांगायला हवं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. सिम्युलेशनमध्ये मिळालेला वेग जाहीर झालेल्या वेगापेक्षा बराच कमी निघाला. संशोधकांचा तर्क असा, की आपण लिनपॅकची खुली आवृत्ती वापरली, चाचणीत इंटेल प्रोसेसरसाठी घडवलेली बंद आवृत्ती होती; फरक तिथला. तर्क पटण्यासारखा आहे. पण फरक दिसला की तो प्रोग्रॅमचा की आपल्या मॉडेलचा, हे सिम्युलेटर स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी खऱ्या यंत्राकडेच जावं लागतं.

आणि ते गेलेसुद्धा, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. २०१९ साली त्याच मंडळींनी ग्रनोबलच्या एका खऱ्या क्लस्टरशी ताळा करून पाहिला. एकाच बनावटीचे नोडही सारख्या वेगाने चालत नाहीत, आणि एकच नोडही दर वेळी तेवढाच वेळ घेत नाही. हे दोन्ही मॉडेलमध्ये घेतलं तेव्हा कुठे अंदाज खऱ्याच्या काही टक्क्यांत आला. आपण फाइलमध्ये ‘६४ सारखे नोड’ लिहितो ना, तिथेच पहिली थाप असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ‘आमचा प्रोग्रॅम हजार नोडवर इतका वेगवान’ असं लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहा: नोडचा वेग कुठून मोजून घेतला, कुठली आकडेमोड गाळली, आणि निदान दोन-चार खऱ्या यंत्रांवर ताळा केला का. दोन जुने पीसी केबलने जोडले तरी सुरुवात होते. हे नसेल तर आकडा देऊ नका. कुठली रचना का जिंकली तेवढंच सांगा. तेही कमी नाही.

चला, आता प्रश्न घेऊ या.